दर डिसेंबरला हीट पंपाचं पाणी कोमट? गॅस भरायच्या आधी हे बघा

डिसेंबर लागला की सांगली, पलूस, वाळवा, तासगाव भागातून मला एकच फोन येतो. "मेस्त्री, पाणी तापंना झालंय. गॅस संपला असंल, येऊन भरून जावा."

गॅस संपत नाही. हीट पंप म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र. त्यातला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि गळती नसेल तर नवा गॅस भरणं म्हणजे चांगल्या यंत्राला बिघडवणं. हे मी छातीवर हात ठेवून सांगतोय, कारण एका घरी मीच हे दोनदा केलं आहे.

पलूस तालुक्यातलं घर. गच्चीवर २०० लिटरची टाकी, शेजारी हीट पंप, आणि घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. पहिल्या हिवाळ्यात पाणी ३८ अंशांच्या वर जाईना. पंपाच्या मागच्या जाळीवर बर्फ धरला होता आणि गेज लावल्यावर सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा, दाब कमी दिसला. मी गॅस भरला. बर्फ थोडा कमी झाला, पाणी तापलं, मी खूश, घरचे खूश. एप्रिलमध्ये परत फोन: आता यंत्र हाय प्रेशरला ट्रिप होतंय, म्हणजे गॅसचा दाब चढून आपोआप बंद पडतंय. मी जाऊन थोडा गॅस कमी केला. पुढच्या डिसेंबरात पुन्हा तोच बर्फ, पुन्हा कोमट पाणी, पुन्हा मी गॅस भरला, आणि उन्हाळ्यात पुन्हा ट्रिप. तिसऱ्या वर्षी काकू म्हणाल्या, "भाऊ, ह्याला दर साली गॅस लागतोय, मग आमचा जुना बंब काय वाईट होता?" त्यांचं खरं होतं. त्या दिवशी मी गेज गाडीतच ठेवलं आणि नुसतं बघत बसलो. दोष गॅसचा नव्हताच. जाळीच्या पत्र्यांमध्ये जळक्या पाचटाची काळी राख दवानं भिजून चिखलासारखी बसली होती. टॉर्च मागून धरली तर उजेड पलीकडं येत नव्हता.

असं का झालं हे कळलं की निम्मं काम झालं. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचं पाणी वर उपसते. हीट पंप तेच उष्णतेचं करतो. हवेतली उष्णता मागच्या कॉइलवर, म्हणजे त्या पत्र्यांच्या जाळीवर, गोळा करायची, कॉम्प्रेसरनं दाबून तिचं तापमान वाढवायचं आणि पाण्याला द्यायची. म्हणून एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिटांइतकी उष्णता मिळते. आता मोटरीचा फुटव्हॉल्व्ह गाळानं चोंदला तर मोटर काय उपसणार? राखेनं कॉइल चोंदली की हवा आत येत नाही, कॉइलला उष्णता मिळत नाही, ती आणखी गार पडते, शून्याच्या खाली जाते, तिच्यावर दवाचा बर्फ होतो, आणि बर्फ उरलीसुरली हवाही अडवतो. सक्शनचा दाब अशा वेळी कमी दिसणारच. गेज बघून "गॅस कमी" म्हणणारा माणूस इथं फसतो. वरून भरलेल्या जादा गॅसनं दाब थोडा वर येतो, बर्फ थोडा कमी होतो, म्हणून दुरुस्ती झाल्यासारखी वाटते. उन्हाळ्यात हवा ३८-४० अंशांवर गेली की तोच जादा गॅस दाब चढवतो आणि यंत्र ट्रिप होतं.

ऊसतोड सुरू झाली की पाचट पेटतं आणि नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने गच्च्यांवर काळ्या काड्या पडतात, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. वाळत घातलेली कपडी आपण झटकतो, पण हीट पंपाची जाळी कुणी झटकत नाही.

बर्फ कुठं आहे ते आधी बघा

सांगलीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा साधारण १२-१४ अंशांवर असते. एवढ्या हवेत निरोगी यंत्राच्या कॉइलवर जाड बर्फ धरायला नको. धरला असेल तर तो कुठं धरलाय ते नीट बघा, मोबाइलवर फोटो काढा.

पूर्ण कॉइलभर, वरपासून खालपर्यंत सारखा बर्फ असेल तर हवा कमी पडतेय. जाळी चोंदली आहे, पंखा हळू फिरतोय किंवा यंत्र अडचणीच्या जागेत बसवलं आहे. उलट, जिथून गॅस कॉइलमध्ये शिरतो तिथल्या दोन-चार नळ्यांवरच बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी, हवेइतकीच उबदार असेल, तर गॅस खरंच कमी आहे किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कॉइलमध्ये गॅस बेतानं सोडणारा व्हॉल्व्ह) अडथळा आहे. एवढा एक फरक मला तीन वर्षांपूर्वी कुणी दाखवला असता तर पलूसच्या त्या घराचे पैसे वाचले असते.

पंख्याकडं बघताना एक खूण: बंद यंत्रात पाती हातानं सहज फिरतात, पण चालू केल्यावर पंखा घुमतो आणि उचलत नाही. अशा वेळी बहुतेकदा पंख्याचा कपॅसिटर, म्हणजे मोटर उचलून देणारा छोटा भाग, गेलेला असतो. स्वस्त भाग आहे. मात्र कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो, तो उतरवल्याशिवाय हात लावू नका. ज्याला ते जमत नाही त्यानं हे काम मेस्त्रीवर सोडावं.

जागेची तपासणी घरच्या थर्मामीटरनंही होते. हीट पंप गार हवा बाहेर टाकतो. वर पत्र्याची शेड, तिन्ही बाजूंना भिंत, अशा कोपऱ्यात तो बसवला की स्वतःचीच गार हवा परत ओढतो. जाळीजवळच्या हवेचं तापमान आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाचं तापमान, दोन्ही मोजा. जाळीजवळ चार-पाच अंश कमी असेल तर यंत्राची जागा बदला किंवा शेडची एक बाजू मोकळी करा. राख येऊ नये म्हणून काही जण यंत्राभोवती शेडनेट गुंडाळतात. कृपा करून तसं करू नका. नेट चोंदतं आणि यंत्राचा श्वास कोंडतो.

जाळी धुण्याची पद्धत

आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा यंत्राचा खटका, खाली. नुसता रिमोट किंवा डिस्प्ले बंद करून चालत नाही. मग राख कोरडी असतानाच मऊ ब्रशनं झाडा, पत्रे ज्या दिशेनं उभे आहेत त्याच दिशेनं, आडवा ब्रश मारायचा नाही. कोरडी राख निघाल्यावर साध्या पाइपनं, हलक्या धारेनं, आतून बाहेर पाणी मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं बाहेर जाते. गाडी धुण्याचा प्रेशर पंप वापरला तर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वाकून एकमेकांना चिकटतात आणि मग ती कॉइल कायमची कामातून जाते. राख ओली होऊन बसली की तिचं पाणी क्षारधर्मी होतं आणि ॲल्युमिनियमला ते सोसत नाही, म्हणून हंगामात दर पंधरा दिवसांनी झाडणं आणि महिन्यातून एकदा धुणं मी सांगतो. आतल्या इलेक्ट्रिकच्या डब्यावर प्लास्टिक बांधा. पूर्ण सुकल्यावरच चालू करा.

पलूसच्या घरी एवढं केलं आणि जादा गॅस काढून कंपनीच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरला. बर्फ गेला. पण पाणी ४६ अंशांवर अडलं. याचा अर्थ दुसराही दोष होता, पाण्याच्या बाजूचा.

क्षार

कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं बोअरचं पाणी जड लागतं, हे तिथल्या बायका पातेल्याच्या पांढऱ्या बुडावरून ओळखतात. ते पांढरं बूड हीट पंपाच्या आतही बसतं. टाकीतलं पाणी छोट्या पंपानं फिरवून तापवणारी जी यंत्रं असतात, त्यांतल्या एक्स्चेंजरच्या, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, फटी अगदी बारीक असतात. तिथं क्षाराचा थर बसला की गॅसमधली उष्णता पाण्यात उतरत नाही, दाब चढतो, यंत्र हाय प्रेशर किंवा लो फ्लो (पाणी कमी वाहतंय) दाखवून थांबतं.

तपासणी सोपी आहे. यंत्र चालू असताना आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या नळीवर थर्मामीटर चिकटवा, वरून फडकं गुंडाळा. साधारण ५ अंशांचा फरक चांगला. १०-१२ अंशांचा फरक असेल तर पाणी फार हळू फिरतंय. फरक २ अंशांच्या आत असेल आणि पाणी नीट वाहत असेल, तर उष्णता पाण्यापर्यंत येतच नाही. हिशोब पाठ करून ठेवा: मिनिटाला किती लिटर, गुणिले अंशांचा फरक, गुणिले ०.०७, म्हणजे किलोवॅट. १२ लिटर आणि ५ अंश असतील तर ४.२ किलोवॅट उष्णता पाण्यात जातेय.

पाणी हळू असेल तर सगळ्यात आधी वाय स्ट्रेनर, म्हणजे पाण्याच्या लाइनीतली गाळणी, उघडा. तिथली जाळी गाळानं भरलेली असते आणि कित्येक ठिकाणी बसवल्यापासून ती कुणी उघडलेलीच नसते. मग पंपातली हवा काढा. त्यानंतर एक्स्चेंजर.

एक्स्चेंजर धुताना दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून तो टाकीपासून वेगळा करायचा. २० लिटर कोमट पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड विरघळवायचं आणि बादलीतल्या छोट्या पंपानं तासभर, गरज पडली तर दोन तास फिरवायचं. बुडबुडे येत राहतात तोवर क्षार सुटतोय. नंतर साध्या पाण्यानं भरपूर धुवायचं. फरशीचं ॲसिड मात्र चुकूनही घालू नका. त्यातलं क्लोराइड स्टीलला बारीक भोकं पाडतं, आणि मग गॅस पाण्यात अन् पाणी गॅसमध्ये, म्हणजे यंत्र संपलं. पलूसला बादलीतलं पाणी पहिल्या वीस मिनिटांत ताकासारखं झालं होतं. काकूंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "हे सगळं त्याच्या पोटात होतं?"

तापमान विनाकारण ६० वर ठेवू नका. ६० च्या वर क्षार फार लवकर बसतो आणि वीजही जास्त जाते. रोजच्या अंघोळीला ५० पुरतं. २०० लिटर पाणी ५० अंशांवर असेल आणि गार पाणी २० अंशांचं असेल, तर अंघोळीजोगं ४० अंशांचं ३०० लिटर पाणी होतं. आठवड्यातून एकदा मात्र टाकी ६० पर्यंत न्या, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. इनॅमलच्या टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो, टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा काढून बघा. आतली तार दिसायला लागली की बदला.

एक तासाची परीक्षा

यंत्र खरंच बिघडलंय की पाणी दुसरीकडंच जातंय, हे मेस्त्रीला बोलवायच्या आधी घरीच कळतं. एक तास गरम पाणी कुणी वापरायचं नाही. फ्रीज, पंखे, टीव्ही बंद. मीटरचं रीडिंग आणि टाकीचं तापमान लिहा, हीट पंप एक तास चालवा, परत दोन्ही लिहा.

२०० लिटर पाणी १० अंशांनी चढलं तर त्यात २००० किलोकॅलरी, म्हणजे २.३ युनिट उष्णता गेली. मीटरनं ०.७ युनिट दाखवलं तर यंत्र तिप्पट काम करतंय, त्याला हात लावू नका. १.५ युनिट दाखवलं तर कुठंतरी दोष आहे. आणि २.३ च्या आसपास दाखवलं तर हीट पंप झोपला आहे आणि टाकीतला बॅकअपचा हीटर एकटा पाणी तापवतोय. हा सगळ्यात फसवा बिघाड, कारण पाणी गरम मिळतं, तक्रार कुणी करत नाही आणि दोन महिन्यांनी बिल बघून घरात वाद होतात. बॅकअप हीटरचा एमसीबी वेगळा असेल तर तो खाली पाडून परीक्षा पुन्हा घ्या.

यंत्र पास झालं आणि तरी नळाला पाणी कोमट येतंय? मग नळ तपासा. टाकीला येणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बाथरूममधला गरम नळ उघडा. नळीत साठलेलं पाणी येऊन धार थांबायला हवी. धार चालूच राहिली तर घरातल्या एखाद्या मिक्सर नळातून (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. हँड शॉवरचं बटण बंद करून मिक्सर मधोमध उघडा ठेवलेला असला की हे हमखास होतं. एक डायव्हर्टर (पाणी नळाकडं की शॉवरकडं हे ठरवणारा भाग) बदलून किंवा एनआरव्ही (पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवून मिटणाऱ्या या दोषापायी सांगलीच्या विश्रामबागेत एका घरी कॉम्प्रेसर बदलायची तयारी चालली होती.

विजेकडचे दोष

संध्याकाळी विजेचा दाब १८०-१९० व्होल्टपर्यंत पडत असेल तर कॉम्प्रेसर उचलत नाही, घुमून ओव्हरलोडवर जातो. यंत्र बंद पडल्यावर लगेच पुन्हा चालू होत नाही म्हणून घाबरू नका, तीन मिनिटं थांबणं ही त्याची स्वतःची काळजी आहे. सारखी बटणं दाबू नका. खरा उपाय टायमर: दुपारी १२ ते ४ चालवा. हिवाळ्यातही सांगलीत दुपारची हवा २८-३० अंशांवर असते. पहाटेच्या हवेपेक्षा तिच्यात उपसायला उष्णता जास्त, बर्फाचा प्रश्न नाही, आणि चांगल्या इन्सुलेशनची टाकी सकाळपर्यंत पाणी गरम ठेवते. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानंच मिटतील.

आत पाल शिरून पीसीबीवर (यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर) चिकटणं आणि काँटॅक्टरच्या (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) पॉइंटमध्ये मुंग्या चिरडून संपर्क न होणं, हे दोन्ही मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. वायर आत जाते तिथली भोकं रबरानं बंद करा. डिस्प्लेवरचं तापमान वेडंवाकडं असेल तर सेन्सर काढून त्याचा रेझिस्टन्स मोजा. १० किलो-ओहमचा सेन्सर २५ अंशांना १० आणि ५० अंशांना साधारण ३.६ किलो-ओहम दाखवतो. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, वारंवार पडत असेल तर बॅकअप हीटर फुटून पाण्यात करंट उतरत असण्याचा संशय घ्या, आणि आरसीसीबी काढून टाकायला सांगणाऱ्याला घरात घेऊ नका.

पावसाळ्यात यंत्राखाली ठिबकणारं स्वच्छ पाणी गळतीचं नसतं, हवेतलं असतं. त्याची नळी मोकळी ठेवा म्हणजे झालं.

गॅस खरंच गेला असेल तर

कॉइलच्या सुरुवातीलाच बर्फ, जोडावर तेलकट डाग, आत-बाहेरच्या पाण्यातला फरक २ अंशांच्या आत: इतकं जमलं तर गॅस गेलाय असं धरा. पण मेस्त्रीकडून चार गोष्टी करूनच घ्या. नायट्रोजन भरून साबणाच्या फेसानं गळती शोधणं, जोड पक्का करणं, व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल पूर्ण काढणं, आणि पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार वजनकाट्यावर गॅस भरणं. "अंदाजानं भरतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. पाटीवर कोणता गॅस लिहिलाय तेही वाचा. आर-१३४ए असेल तर तोच, आर-३२ असेल तर तोच. आर-२९० म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा. त्याला बंद खोलीत किंवा ज्योतीजवळ कुणाला हात लावू देऊ नका.

साताऱ्याकडं, विशेषतः पाचगणी-महाबळेश्वरला, हिशोब वेगळा आहे. वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात अशा पहाटे स्वच्छ यंत्रावरही बर्फ येणार, तो दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा यंत्र तो स्वतः वितळवत नाही. बर्फ वितळवायला गॅसची दिशा फिरवणारा फोर-वे व्हॉल्व्ह उलटला की 'फुस्स' आवाज येतो आणि कॉइलवरून वाफ निघते. ते होत नसेल तर कॉइलचा सेन्सर आणि त्या व्हॉल्व्हची वायर तपासा. तिकडं डिफ्रॉस्ट (स्वतःचा बर्फ वितळवायची सोय) नसलेलं यंत्र घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांना: २००५, २०१९, २०२१ चं पाणी आपण पाहिलंय. तळमजल्यावरचं यंत्र बुडालं असेल तर सुकलंय असं वाटलं तरी चालू करू नका. पीसीबी, काँटॅक्टर, पंख्याची मोटर उघडून धुऊन-सुकवून, मेगर (करंट गळतोय का ते मोजायचं यंत्र) लावून बघितल्यावरच वीज द्यायची. नव्यानं बसवताना गच्चीवरच बसवा.

पलूसच्या यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करनं लिहून ठेवलंय: गॅस किती ग्रॅम, कोणत्या तारखेला, आत-बाहेरच्या पाण्यातला फरक किती, तासाच्या परीक्षेत किती युनिट. खाली काकूंनी स्वतः जाळी झाडल्याच्या तारखा लिहायला सुरुवात केली आहे. तुमच्याही झाकणावर हे लिहा. पुढच्या डिसेंबरात मी येवो नाहीतर दुसरा कुणी मेस्त्री, गेज लावायच्या आधी त्याला ते वाचायला सांगा.